विमान गेलं की भाकर

पांढुर्ण्याहून भोपाळला जायचं तर स्टेशनावर जाऊन इटारसीकडं तोंड केलेल्या गाडीत बसायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमला, बैतूल, इटारसी करत माणूस दिवस मावळायच्या आत पोचतो. मी आणि माझी कौसामावशी मात्र भोपाळला जायला म्हणून निघालो ते बरोबर उलट्या दिशेनं, नागपूरला. तिथून आम्हाला विमान होतं.

नागपूर ते भोपाळ हवेतून तीनशेच्या आसपास किलोमीटर भरतं. पंख्यांचं छोटं विमान ते तासाभरात कापतं. त्या तासातला पहिला पाव तास सरतो तेव्हा विमान सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधोमध असतं, म्हणजे आमच्या गावावर. आम्ही सकाळी अडीच तास बसमधून हाडं खिळखिळी करून नागपूर गाठलं, ते पंधरा मिनिटांत परत स्वतःच्याच घरावर यायला. बसमधल्या एका म्हातारबाबाला मावशीनं हे समजावून सांगितलं तेव्हा त्यानं तिच्याकडं आणि मग माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं.

मी विमानात बसणार नाही असं मी कधीकाळी छापून दिलेलं आहे. माझे वडील शाळेत शिपाई. नागपूरहून येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्याच घरी उतरायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पुढं मीही पत्रकं लिहू लागले. त्यातल्या एकात 'ज्या देशात बाईला पाण्यासाठी कोसभर चालावं लागतं तिथं विमान ही शिवी आहे' असं वाक्य होतं. वाक्य मला अजूनही चुकीचं वाटत नाही. तरीही मी बसले. का बसले, ते सांगायला आमच्या शिवारातली जेवणाची सुट्टी आधी सांगावी लागेल.

घड्याळ

कौसामावशी कापूस वेचते, निंदण करते, संत्र्याच्या दिवसांत संत्री तोडते. तिच्यासोबत सतरा बाया. त्यांच्यावर मालकाचा मुकादम भाऊराव. पूर्वी जेवणाची सुट्टी भाऊरावच्या मनगटावरच्या घड्याळानं व्हायची. ते घड्याळ सकाळी कामाला लावताना पुढं असायचं आणि दुपारी मागं पडायचं. बाया सावलीकडं बोट दाखवायच्या, भाऊराव म्हणायचा की तुमची सावली मालकाला दाखवू का. सावलीवरून रोज भांडण.

एका दुपारी मावशीनं सांगून टाकलं की तुझं घड्याळ आम्ही मानत नाही. वरून रोज भोपाळचं विमान जातं, ते गेलं की आम्ही बसणार. ते तुला मागं करता येत नाही, तुझ्या मालकालाही नाही. मालकाला ही गंमत आवडली म्हणा की भांडणाचा कंटाळा आला म्हणा, त्यानं हो म्हटलं. तेव्हापासून आमच्या शिवारात विमान गेलं की भाकर. विमान बाराच्या सुमाराला जायचं. उशीर झाला तर दहा-वीस मिनिटं, तेवढी बाया पोटात घालायच्या. विमान नसायचं तो वार बाजाराचा, त्या दिवशी कामच नसायचं.

मावशीला याचा भारी अभिमान. मी तिला म्हणायची की मावशे, मालकाच्या घड्याळातून सुटलीस आणि सरकारच्या विमानात अडकलीस. ती म्हणायची, "तू लिही वं. तुले लिहिता येते."

मी लिहिलंही. शेतमजूर बायांच्या कामाच्या तासांची चौकशी करायला भोपाळात एक समिती बसली होती. तिला मी या विमानाची हकिगत कळवली आणि पत्र पाठवून विसरून गेले. दिवाळीच्या आधी सौंसरच्या तहसिलीत बोलावणं आलं: कौसाबाईंनी येऊन साक्ष द्यावी, सोबत लिहिणारीनंही यावं. रेल्वेची तिकिटं होती. पण निघायच्या दोन दिवस आधी घाटात मालगाडी घसरली आणि लाइन बंद पडली. समितीची बैठक तर एकच दिवस. मग तार आली की नागपूरला जा, विमानाची तिकिटं तिथं मिळतील. तहसिलीतल्या कारकुनानं तार तीनदा वाचली आणि मावशीला विचारलं की बाई, भोपाळात तुमचं काही लग्नबिग्न आहे का.

मी नको म्हटलं. मावशी म्हणाली, "मी रोज त्याले पाह्यते. ओळखीचं आहे माह्या. तुले नसन यायचं तर मी एकटी जातो."

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती सुनेजवळ बसली. रंजूला आठवा महिना लागलेला. आठ दिवसांपूर्वी कापूस वेचताना तिला घेरी आली होती, आणि नर्सबाईनं बजावलं होतं की उपाशी राहायचं नाही, वेळेवर खायचं. कामावर जाऊ नको असं म्हणायची घरची स्थिती नव्हती. मावशीनं तिला एवढंच सांगितलं, "उद्या विमान गेलं का समज मी गेली. अन् लागलीच खायले बस."

सोनेगाव

नागपूरचा विमानतळ सोनेगावला. बाहेरून तो आमच्या पांढुर्ण्याच्या स्टेशनापेक्षा फार मोठा वाटला नाही, पण आत इतकी शांतता की मावशी कुजबुजत बोलू लागली. स्टेशनावर माणसं गाडीची वाट पाहतात तेव्हा एकमेकांना कुठं निघालात विचारतात, पोळी देतात, पोरं एकमेकांच्या मांडीवर जातात. इथं खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या आणि माणसं लांब. मावशीचं नऊवारी लुगडं आणि माझी शबनम पिशवी पाहून एक सफारी सूटवाले गृहस्थ दोन खुर्च्या सरकले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझा स्वभाव तसा आहे.

पावणेबाराला निघणारं विमान अजून आलंच नव्हतं. ते जिथून यायचं तिकडं ढग होते. बारा वाजले, साडेबारा वाजले. मी साक्षीचे कागद काढून मावशीला पुन्हा वाचून दाखवू लागले. पाच पानं होती आणि त्यात 'श्रमाच्या काळावरची मालकी' असे शब्द होते. मावशी ऐकत नव्हती. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"शालू," ती म्हणाली, "तिकडं बसल्या नसन वं अजून."

मला कळायला थोडा वेळ लागला. आमचं विमान इथं आलं नव्हतं, म्हणजे ते आमच्या शिवारावरूनही गेलेलं नव्हतं. सतरा बाया उन्हात कापूस वेचत होत्या आणि आभाळाकडं कान लावून होत्या. त्यांच्यात रंजू.

मी म्हटलं की त्या काय वेड्या आहेत का, भूक लागली की बसतील. मावशी म्हणाली की भाऊराव बसू देणार नाही. तिनंच तर सगळ्यांच्या देखत ठरवलं होतं, विमान गेल्याशिवाय नाही आणि गेल्यावर एक क्षण थांबणार नाही. आता तिच्या पाठीमागं कोणती बाई ते मोडेल?

एक वाजता सगळ्यांना चहा आणि पावात काकडी घातलेलं काहीतरी मिळालं. मावशीनं हात लावला नाही. तिच्या जवळ स्वतःची शिदोरी होती, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी. तीही सोडली नाही. सफारी सूटवाल्यांनी हिंदीत विचारलं की आजीचा उपास आहे का. मी त्यांना जरा फणकाऱ्यानंच सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांनी आपल्या घड्याळात पाहिलं, हातातला पाव बशीत ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

मावशी उठून काउंटरवर गेली. तिथं गणवेशाची साडी नेसलेली एक मुलगी होती, बोलण्यावरून नागपूरचीच. मावशी तिला म्हणाली, "बाई, विमान नाही येत तर नको येऊ दे. पण तिकडं निरोप तर धाडता येते न? सतरा बाया उपाशी आहेत."

मुलगी गोंधळली. मी पत्रक वाचल्यासारखं मोठ्यानं बोलू लागले, की तुमच्या एका उशिरावर सतरा जणींची पोटं टांगलेली आहेत, याला जबाबदार कोण. बोलताना मला फार बरं वाटलं. मुलीचे डोळे मात्र भरून आले. तिनं ढग आणले नव्हते. मावशीनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि तिला विचारलं की बाई, फोन लागेल का.

त्या मुलीनं सौंसरच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. मध्येच लाइन तुटली, पुन्हा लावला. पोस्टमास्तर भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मावशीला ओळखलंही. पण डाकिया फेरीवर गेलेला, शेत लांब, सायकलनं जायला दुसरं कोणी नाही. पाहतो, म्हणाले. आमच्याकडं 'पाहतो' म्हणजे काय ते मावशीला ठाऊक होतं. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खुर्चीत येऊन बसली.

अडीचच्या पुढं विमान आलं. निघायला तीन वाजले.

हवेत

मला विमानाचं वर्णन करता यायला हवं. मी ते नीट पाहिलंच नाही. कानात घालायला कापूस मिळाला, मावशीनं तो बोटांनी फुलवून पाहिला आणि म्हणाली की हा आपल्याकडचा नाही, याचा धागा आखूड आहे. विमान उठलं तेव्हा तिनं माझा हात धरला, पण भीतीनं नाही. गाडीला उशीर झाल्यावर आपण हँडलला हात लावून ती मनानं पुढं ढकलतो, तसा.

खाली आधी नागपूरची छपरं, मग कोळशाच्या खाणी, मग एक नदी. ती कन्हान असावी. रामाकोन्याजवळ मी तिच्यात पाय बुडवलेत, वरून ती कोणीतरी टाकून दिलेल्या सुतळीसारखी दिसते. मग संत्र्याचे बगीचे आले. जमिनीवरून बगीच्यात शिरलं की झाडंच झाडं. वरून मात्र कशिद्याचे टाके, एकाशेजारी एक, कुठंही ओळ न चुकलेले. ही सगळी झाडं आमच्या लोकांनी लावलीत, आमच्यातल्या एकाच्याही नावावर नाहीत, असं मनात आलं आणि मी ते वहीत लिहू लागले. मावशीनं माझी पेन्सिल खाली दाबली.

"थे पाह्य."

तिला काय दिसलं देव जाणे, आणि मी देव मानत नाही. मला पांढरट शेतं दिसत होती, एक वळणाचा रस्ता, पाण्याचा एक चकाकता तुकडा. माणूस दिसायचा प्रश्नच नव्हता. मावशीनं कपाळ काचेला टेकवलं होतं. तळहात उघडा करून ती काचेवर हळूहळू थोपटत होती. मांडीवरच्या लेकराला थोपटतात तसं.

"बसा वं आता," ती म्हणत होती. "बसा बायांनो. गेलं विमान. रंजू, बस माय. बस."

सव्वातीन झाले होते.

थोड्या वेळानं डोंगर लागले. मावशीनं शिदोरी सोडली. आधी एक चतकोर तिनं मागच्या रांगेतल्या सफारी सूटवाल्यांपुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. अंबाडी त्यांना आंबट लागली असणार, कारण डोळे मिटले, पण संपवली. मग मावशी जेवली.

भोपाळ

भोपाळबद्दल लोक तलावाचं सांगतात. तलाव मोठा आहे, संध्याकाळी छान दिसतो. मला तिथले पोहे सांगायचेत. आमच्याकडं पोह्यांवर तर्री घालतात, डोळ्यांत पाणी आलं की न्याहारी झाली. भोपाळात पोह्यांवर बडीशेप आणि सोबत जिलेबी. मावशीनं जिलेबी बाजूला काढली, पोहे खाल्ले, आणि मग म्हणाली की गोड खायचं तर लग्नात खावं, सकाळी सकाळी कायले.

समिती एका लांब खोलीत बसली होती. टेबलामागं पाच माणसं, त्यांत एक बाई, त्याच अध्यक्ष. त्यांना विमानाची गोष्ट फार आवडलेली दिसली. त्यांनी हसून मावशीला सांगितलं की तुमची युक्ती आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायची आहे. मी पाच पानं मावशीपुढं सरकवली. तिला वाचता येत नाही, पण आम्ही पाठ करून घेतलं होतं.

ती उभी राहिली, पानं पालथी केली आणि आमच्याच बोलीत बोलली. अधूनमधून हिंदी शब्द टाकत होती, पण समजून घ्यायचं त्यांनी, असा सूर होता.

"मी सांगाले आली होती का आमची घडी लय चांगली आहे. कोणालेच मागं करता येत नाही. पण काल मी त्या घडीचीच वाट पाहत बसली होती, अन् थे येऊनच नाही राहिलं. तिकडं बाया उपाशी. माह्या सुनेले आठवा महिना. मीच बांधून देली त्यायची भूक त्या विमानाले. भाऊरावचं घड्याळ खोटं होतं, पण त्याच्याशी भांडता येत होतं. काल मी कोणाशी भांडू? थ्या पोरीशी? ढगाशी?"

अध्यक्षबाईंनी विचारलं की मग कायद्यात काय असावं असं तुम्हाला वाटतं. मावशी म्हणाली, "थे तुम्ही पाहा. आमचं आम्ही पाह्यतो. माही चूक झाली, एवढं लिहून घ्या."

लिहून घेणाऱ्या बाबूनं मान वर करून विचारलं की चूक नेमकी कोणत्या सदरात टाकायची. शेवटी त्यांना कागद हवाच होता, म्हणून माझी पाच पानं त्यांनी फाइलला लावून घेतली. त्यांत विमानाची स्तुती आहे. ती फाइल भोपाळात कुठंतरी असेल आणि त्या पानांखाली माझी सही असेल. हे आठवलं की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

परत

तिसऱ्या दिवशी लाइन सुरू झाली. सकाळची गाडी मिळाली. इटारसीनंतर घाट लागला, रुळांच्या बाजूला घसरलेल्या मालगाडीचे डबे आडवे पडलेले होते आणि त्यांच्यावर माकडं बसलेली. डब्यात एका कुटुंबानं पुरी-भाजी दिली, आम्ही त्यांना भोपाळचे पेरू दिले. एका बाईनं मावशीला विचारलं की कुठून येता, मावशीनं सांगितलं, जाताना विमानानं गेलो, तर ती बाई मला म्हणाली की म्हातारपणी असं होतं, तुम्ही मनावर घेऊ नका. मावशी एरवी यावर खूप हसली असती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. प्रत्येक स्टेशनावर तिनं मला किती वाजले विचारलं. रंजूला पुन्हा घेरी आली असेल तर, हे ती एकदाही बोलली नाही, आणि मीही नाही.

पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. जाम नदीच्या पलीकडं सावरगावची घरं नेहमीसारखी दिसत होती, मला उगीचच वाटलं होतं की काही बदललेलं असेल. सौंसरची बस मिळाली. गावच्या फाट्यावर उतरून मावशी घराकडं वळली नाही. पिशवी माझ्या हातात देऊन ती सरळ बांधावरून शेताकडं चालू लागली, आणि तिच्या मागं मला जवळजवळ पळावं लागलं.

बाया शेवटची ओळ वेचत होत्या. रंजू बाभळीखाली कापसाच्या गाठोड्याला टेकून बसलेली. मावशी तिच्यासमोर उभी राहिली, तिचा चेहरा पाहिला, पाय पाहिले, मग खाली बसली. तिला धाप लागली होती.

"त्या दिवशी कधी जेवली?"

रंजूनं इतर बायांकडं पाहिलं. त्या हसू दाबत होत्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. बारा झाले, ऊन डोक्यावरून सरकलं, विमान आलं नाही. भाऊराव आभाळाकडं बोट दाखवून म्हणाला की तुमच्या कौसाबाईचाच नियम आहे, विमान गेल्याशिवाय सुट्टी नाही. बायांनी आणखी एक ओळ वेचली. मग रंजू खाली बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. भाऊराव ओरडला. रंजूनं त्याला सांगितलं की विमानात आत्याबाई बसल्या आहेत, त्या इथं असत्या तर मला उपाशी ठेवलं असतं का ते तूच सांग. सगळ्या बसल्या, जेवल्या, हात धुतले, परत ओळीला लागल्या.

"अन् मग सव्वातीनले विमान आलं," रंजू म्हणाली.

"मग?"

"मग आम्ही पुन्हा बसलो. भाऊराव म्हणे हे काय. म्हटलं, विमान गेलं. नियम आहे."

मावशीनं सगळ्यांकडं एकदा फिरून पाहिलं. "मी तिकडं तीन वाजेपावतर पोटात घास नाही टाकला," ती म्हणाली, "अन् तुम्ही दोनदा जेवल्या?"

"हाव," रंजू म्हणाली. "दुसऱ्या खेपेले तुमच्या वाटचं जेवलो."

मावशी हसेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. रंजू अवघडलेल्या अंगानं पुढं सरकली आणि तिला जवळ घेऊन थोपटत राहिली.

हे सगळं मी आता लिहिते आहे. कापूस संपत आलाय, संत्र्याचा मृगबहार तोडायला आलाय. रंजूला मुलगी झाली. सव्वा महिना होतो न होतो तोच ती कामावर आली. त्यावर मी एक पत्रक लिहिलंय, आणि ते गोड नाही. लेकराची झोळी बाभळीच्या फांदीला बांधलेली असते. दुपारी पोरगी भुकेनं रडली की रंजू तिला घ्यायला जाते, आणि ती बसली की सतराही बाया बसतात. हे कोणी ठरवलं नाही. मावशीनं तर अजिबात नाही. पण आता तेच चालतं, आणि पोरीच्या पोटाला बाराचीच सवय आहे असं काही नाही.

काल मी सकाळी शेतावर गेले होते. अकरा वाजले असतील. बाया लांब ओळीत वाकलेल्या होत्या. झोळी जराशी हलली, आतून कुरकुर ऐकू आली. भाऊराव घाईघाईनं आला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि दोरी धरून मुलीला हलक्या हातानं झोके देत उभा राहिला.